टाच टेकली नाही तर नाही

चार वर्षांपूर्वी योगाच्या क्लासमध्ये पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकलेली असताना माझ्या पाठीवर एक हात पडला आणि "अजून थोडं, अजून थोडं, श्वास सोड" असं म्हणत त्या हाताने मला खाली दाबलं. कपाळ गुडघ्याला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा! मी इतकी खूश झाले की उजव्या मांडीच्या मागे, अगदी वर, ज्या हाडावर आपण बसतो तिथे काहीतरी टच्चकन झालं त्याकडे लक्षच दिलं नाही. घरी येऊन आरशासमोर परत एकदा करून बघितलं, म्हणजे हद्दच. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीत बसले आणि वीस मिनिटांत उठून उभी राहिले कारण त्या हाडावर बसवेना, नुसता ठणका.

मग मी काय केलं असेल? तर ती जागा "मोकळी" करायला रोज सकाळ-संध्याकाळ अजून ताणली. दोन महिने. जितकं ताणायचे तितकं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि रात्री दुप्पट दुखायचं. शेवटी फिजिओकडे गेले. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, ताणणं आजपासून बंद. मांडीच्या मागचे जे हॅमस्ट्रिंगचे स्नायू असतात त्यांचा वरचा दोर त्या बसायच्या हाडाला चिकटलेला असतो. गुडघे ताठ ठेवून पुढे वाकलं की सगळा ओढा त्या जोडावर येतो आणि वर तो दोर हाडावर दाबलाही जातो. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो त्यामुळे तो लवकर भरून येतो, दोराचं तसं नाही, तो महिनोन्‌महिने घेतो. मला ताणायची नाही तर ताकदीची गरज होती, म्हणजे सेतुबंधासनासारखं (पाठीवर झोपून कंबर उचलायचं) काहीतरी, तेही आधी दोन पायांवर आणि मग हळूहळू एका पायावर जास्त भार देत. मला खुर्चीत तासभर सलग बसता यायला दहा महिने लागले. दहा महिने, एका कपाळ टेकवण्यापायी.

पाठीवर हात ठेवणाऱ्या त्या क्लासच्या मॅडमना मी फारसा दोष देत नाही. म्हणजे थोडा देते, कारण कुणाच्या पाठीवर न विचारता वजन टाकू नये, ते कितीही प्रेमाने टाकलं तरी. पण मलाही तेच हवं होतं ना. शेजारच्या मॅटवरची मुलगी घडीची सुरी असावी तशी दुमडायची आणि मी आपली काटकोनात बसलेली. असो.

या सगळ्यातून मला एक सवय लागली ती सांगायला ही पोस्ट लिहितेय. कुठल्याही आसनात गेले की मी आता "कुठपर्यंत पोचले" हे बघत नाही, "ओढ नक्की कुठे लागतेय" हे बघते. आणि बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, मोघम नाही चालत. ओढ मांडीच्या मधोमध, स्नायूच्या गरात लागत असेल, पसरट असेल, श्वास सोडला की जराशी सैल होत असेल तर ठीक, थांबायला हरकत नाही. ओढ हाडाच्या अगदी जवळ, गुडघ्याच्या मागच्या खळीत किंवा बसायच्या हाडापाशी एका ठिपक्यात लागत असेल तर मागे यायचं. कळ, टोचल्यासारखं, विजेसारखं सर्रकन पायात उतरणारं काही, मुंग्या, बधिरपणा, यातलं काहीही आलं तर आसन सोडायचं, हळू सोडायचं पण सोडायचं, आणि "पाच श्वास तर पूर्ण करू" हा मोह आवरायचा. आणि अजून एक, आसनात काहीच दुखलं नाही पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो सांधा कुरकुरतोय, तर तेही उत्तरच आहे, फक्त उशिरा आलेलं.

वज्रासनाचं उदाहरण घ्या. सगळ्यात निरुपद्रवी आसन समजतात त्याला, कुणीही कितीही वेळ बसावं असं. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक नस हाडाला वळसा घालून जाते आणि तासन्‌तास तसंच बसलं की ती दाबली जाऊ शकते, अगदी पाऊल वर उचलता येईनासं होण्याइतकी. तेव्हा पायाला मुंग्या आल्या की त्या सहन करण्यात काही तप वगैरे नाही. पोटरी आणि मांडीच्या मध्ये जाडसर घडी घालून ब्लँकेट ठेवा, घोटे दुखत असतील तर घोट्यांखाली एक छोटी गुंडाळी, आणि तरी मुंग्या येत असतील तर पाय मोकळे करा, बस.

आता खरी गोष्ट, जी मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर किती बरं झालं असतं. आपण अडतो ते दोन कारणांनी. एक तर स्नायू आखडलेला असतो, तो सवयीने, वेळ दिला की सैल होतो. दुसरं म्हणजे हाडाला हाड लागतं. आणि हाडाला हाड लागलं की तुम्ही दहा वर्षं रोज केलं तरी तिथून पुढे जाता येत नाही, कारण पुढे जागाच नाहीये! खुब्याची खोबण कुणाची किती खोल, कुणाची पुढे तोंड केलेली, कुणाची बाजूला, मांडीच्या हाडाची मान कुणाची कुठल्या कोनात वळलेली, हे माणसागणिक वेगळं असतं, आणि इतकंच काय, एकाच माणसाचा डावा-उजवा खुबासुद्धा हुबेहूब सारखा नसतो.

म्हणून पद्मासन. माझे सध्याचे सर नवीन माणसाला पद्मासन शिकवायच्या आधी खुर्चीवर बसवतात आणि एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला सांगतात. वर ठेवलेल्या पायाचा गुडघा आपोआप जवळजवळ आडवा झाला तर पुढचं बोलू. तो छपरासारखा वरच राहिला तर याचा अर्थ खुबा अजून बाहेर वळत नाहीये, आणि खुबा वळत नसताना पाऊल ओढून मांडीवर चढवलं तर तो पीळ जाणार कुठे? गुडघ्यात. गुडघा बिचारा बिजागरी आहे, पुढे-मागे करायला बनलेला, त्याला पिळून चालत नाही, आतली गादी फाटते. गुडघा दुखला म्हणजे चूक बहुतेक वेळा खुब्याची किंवा घोट्याची असते आणि शिक्षा गुडघ्याला होते. मला पद्मासन येत नाही. डावीकडून अर्धं येतं, उजवीकडून तेही नाही. मी साधी मांडी घालून बसते, तेही खाली चांगली चार-पाच इंच उंच घडी घेऊन, कारण त्याशिवाय कंबर मागे कलते आणि पाठीचा कुबड होतो.

ओढ आणि अडथळा यातला फरक घरी बघायचा असेल तर उकिडवं बसा, म्हणजे मलासन. टाचा वर येतात? मग बघा पोटरीत ताण आहे का घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी चिमटल्यासारखं होतंय. पोटरीत असेल तर वेळ दिल्यावर सुधारेल. पुढे चिमटत असेल तर बहुतेक ते हाड आहे, टाचेखाली मॅटची गुंडाळी सरकवा आणि आयुष्यभर तसंच करा, काही बिघडत नाही. टाचेखाली दोन इंच आधार दिल्याबरोबर कित्येक लोक आरामात खाली बसतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघण्यासारखं असतं, कारण इतकी वर्षं ते स्वतःला "मी फार कडक आहे" असं म्हणत आलेले असतात.

हाताच्या लांबीचंही तेच. पाय पसरून ताठ बसा आणि हात बाजूला सोडा. कुणाचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकून वर कोपर थोडं वाकतं, कुणाची जेमतेम बोटं टेकतात. ज्याची बोटंच टेकतात त्याला "हातावर वजन घेऊन अंग उचला" म्हटलं तर तो ताकदीने भीम असला तरी उचलणार नाही, आणि हाताखाली दोन विटा (योगाच्या, लाकडी किंवा फोमच्या) दिल्या की लगेच उचलेल. त्रिकोणासनात कुणाचा हात जमिनीला लागतो कुणाचा नडगीला. नडगीवर ठेवा ना, फक्त गुडघ्यावरच भार टाकू नका. हात टेकवायच्या नादात छाती जमिनीकडे वळते आणि मग ज्याच्यासाठी ते आसन करायचं तेच राहून जातं.

शीर्षासनाबद्दल माझं मत जरा कडक आहे. मान ज्या सात मणक्यांनी बनलीये ते साधारण पाच किलोचं डोकं सांभाळायला आहेत, त्यावर अख्खं अंग ठेवायला नाहीत. म्हणून भार हातांवर घ्या असं सगळे सांगतात, पण घेता येतो का हे कोण बघतं? दंड कानाला लावून हात वर करा, कोपर दुमडा आणि बघा कोपर टाळूच्या किती वर जातं. काहींचं भरपूर वर जातं, त्यांना हातांवर उभं राहायला जागा आहे. काहींचे दंड मानेच्या मानाने आखूड असतात, कोपर टाळूच्या जेमतेम वर, अशा माणसाने कितीही जोर लावला तरी वजन डोक्यावरच येणार. त्यांनी दोन खुर्च्यांवर खांदे टेकवून डोकं अधांतरी ठेवायचा प्रकार शिकावा, तोही कुणीतरी जाणकार समोर असताना, नाहीतर सरळ भिंतीला पाय लावून पडावं. विपरीत करणी. पंधरा मिनिटं. मला तर तेच जास्त आवडतं. सर्वांगासन करणाऱ्यांनी खांद्यांखाली दोन-तीन ब्लँकेटच्या घड्या घ्याव्या आणि डोकं त्या घडीच्या बाहेर, खाली जमिनीवर ठेवावं म्हणजे मान काटकोनात दुमडत नाही. बीपी ताब्यात नसेल, काचबिंदू असेल, डोळ्याच्या पडद्याचं काही दुखणं असेल तर उलटं होणाऱ्या आसनांच्या आधी डॉक्टर, यात चर्चेला जागा नाही. उलटं झालं की डोळ्यातलं प्रेशर वाढतं.

आणि कृपा करून सर्वांगासनात असताना मान वळवून मोबाईलकडे बघू नका!! हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतेय. व्हिडिओ लावून करणाऱ्यांची ही फार मोठी गोची आहे, मान भाराखाली असताना स्क्रीन दिसावी म्हणून ती फिरवायची. व्हिडिओ आधी एकदा नुसता बसून पूर्ण बघा, मग करताना फक्त आवाज ऐका. शिवाय त्या व्हिडिओतली बाई तुमच्याकडे बघत नसते हे विसरू नका, ती "आता हळूच कपाळ टेकवा" म्हणते ते सगळ्यांना म्हणते, गादी सरकलेल्यालाही आणि हाडं ठिसूळ झालेल्यालाही. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून खोल पुढे वाकणं टाळायचं असतं कारण मणका पुढच्या बाजूने दबू शकतो. "कंबर दुखतेय, कुठलं आसन करू" या प्रश्नाचं म्हणूनच एक उत्तर नाही. गादी सरकलेल्या बऱ्याच जणांना पुढे वाकलं की त्रास होतो आणि भुजंगासनाने बरं वाटतं, तर वयामुळे मणक्यातली वाट अरुंद झालेल्यांचं नेमकं उलटं, त्यांना मागे वाकलं की पाय जड होतात आणि पुढे वाकून बसलं की आराम. दोघांचीही तक्रार एकच, कंबर दुखते. मग एकाला मानवलेलं आसन दुसऱ्याला फॉरवर्ड करून काय होणार.

पिळाच्या आसनांचंही एक सांगते. कमरेच्या पाच मणक्यांची ठेवणच अशी आहे की त्यांना वळायला फार थोडे अंश मिळतात. वळते ती मुख्यतः छातीमागची पाठ आणि मान. त्यामुळे वक्रासनात हाताची तरफ करून कंबर मुरगळण्यापेक्षा आधी उंच व्हा, श्वास सोडताना छाती वळवा, जिथपर्यंत आपणहून वळली तिथपर्यंत. हाताने फक्त तिथे राहा, पुढे ढकलू नका.

लोक म्हणतात वीट, पट्टा, लोड हे सगळं म्हाताऱ्यांचं किंवा न जमणाऱ्यांचं काम. मला आधी तसंच वाटायचं, क्लासमध्ये कपाटातून ब्लँकेट आणायला लाज वाटायची. पण ज्या बी. के. एस. अय्यंगारांमुळे या वस्तू जगभर पोचल्या त्यांच्या शरीराला काय अवघड होतं? आणि तेच लहानपणी मलेरिया, टायफॉइड, टीबी या सगळ्यांतून गेलेले, किडकिडीत, आजारी मूल होते, त्यामुळे न वाकणारं शरीर म्हणजे काय हे त्यांना आतून माहीत असणार असं मला आपलं वाटतं. सरांनी मला पहिल्या दिवशी पश्चिमोत्तानासनात काय केलं तर खाली जाड घडी दिली, गुडघ्यांखाली गुंडाळी सरकवली, तळव्यांना पट्टा अडकवून दिला आणि म्हणाले पोट मांडीकडे ने, डोक्याचं विसर. पाच मिनिटं बसले. कुठेच दुखलं नाही आणि पहिल्यांदाच कळलं की वाकायचं असतं ते खुब्यातून, मी इतकी वर्षं पाठ गोल करून फसवत होते.

"स्थिरसुखमासनम्" हे पतंजलींचं सूत्र तर टीशर्टवरसुद्धा असतं. योगसूत्रांत आसनाबद्दल मोजून तीन सूत्रं आहेत आणि त्यातल्या दुसऱ्यात प्रयत्नाच्या शैथिल्याबद्दल, म्हणजे प्रयत्न सैल सोडण्याबद्दल सांगितलंय, ते मात्र टीशर्टवर छापत नाहीत. आता तिथे आसन म्हणजे ध्यानाला बसायची बैठक, हे मान्य, पण १०८ सूर्यनमस्कारांचं चॅलेंज घेऊन साठाव्यापासून खांदे कानाला लावून दाणकन खाली पडणाऱ्यांनी हे दुसरं सूत्र मनगटावर गोंदवून घ्यायला हरकत नाही. दमल्यावर अंग चोरतं, आणि दुखापत तिथेच होते. नाहीतर आसनातून बाहेर येताना होते, हेही लक्षात ठेवा. आत जाताना सगळे सावध असतात, सोडताना मात्र धाडकन सोडतात.

माझी एक मैत्रीण आहे, तिला सगळं येतं. हनुमानासन, पाय डोक्यामागे, सगळं, पहिल्याच आठवड्यात आलं. क्लास तिच्याकडे बघून हळहळायचा. तिची कोपरं आणि गुडघे सरळ करायला सांगितलं की उलट्या बाजूला वाकायचे, आणि आता तीच सगळ्यात जास्त दुखण्यांत आहे, खांदा तर दोनदा निसटलाय. ज्यांचे सांधे मुळातच सैल असतात त्यांना ओढ लागतच नाही, ते सरळ सांध्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन लटकतात, हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर. अशा माणसाने कमी वाकायचं, कोपर आणि गुडघा किंचित सैल ठेवायचा, आणि त्या अलीकडच्या जागी स्नायू आवळून थांबायचं. तिला ते माझ्या पुढे वाकण्यापेक्षा अवघड जातं, कारण दिसायला काहीच भारी दिसत नाही. वृक्षासनात ती आता पाऊल मांडीवर न ठेवता पोटरीवर ठेवते. (गुडघ्यावर बाजूने पाऊल दाबायचं नाही, हे सैल-कडक सगळ्यांनाच लागू.)

गरोदरपणाबद्दल मी जास्त बोलणार नाही, तुमच्या डॉक्टर आणि ते खास शिकलेली शिक्षिका यांचं ऐका. पोटावर झोपून करायचं, पोट आवळून पिळायचं, हे नको, आणि पुढच्या महिन्यांत शवासन कुशीवर, एवढं तर सगळेच सांगतात.

आता बाबा. वय ७४, बीपीच्या गोळ्या, गुडघे वाजतात, आणि "मला काही ते योगाबिगा जमणार नाही" हे पालुपद. त्यांना मी खुर्ची दिली. बिनहाताची, चाकं नसलेली, पाठीमागून भिंतीला टेकवलेली. खुर्चीवर बसून हात वर, श्वास सोडत थोडं पुढे, हात मांडीवर, डोकं हृदयाच्या खाली न्यायचं नाही. खुर्चीची पाठ धरून बाजूला वळणं. उभं राहून खुर्ची धरून टाचा वर-खाली. श्वास कशातही कोंडायचा नाही, म्हणून मी त्यांना आकडे मोठ्याने मोजायला लावते, मोजताना श्वास कोंडता येत नाही. शवासनातून उठताना आधी कुशीवर, मग बसायचं, मग एक मिनिट तसंच बसून उभं राहायचं, कारण बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याने ताडकन उठलं की चक्कर येते. हे त्यांना पटायला एकदा भिंत धरावी लागली.

पहिल्या दिवशी एक घोळ झाला. खुर्ची त्यांना जरा उंच पडली, पाय अधांतरी, मग मांडीच्या खालून कड टोचायला लागली आणि ते सारखे पुढे सरकायला लागले. मी माझ्या दोन विटा त्यांच्या पावलांखाली ठेवल्या आणि एकदम सरळ बसले, "हं, आता बरं वाटतंय" म्हणाले.

माझं म्हणाल तर कपाळ गुडघ्यापासून वीतभर लांब आहे आणि अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर, उलट्या व्ही सारखं) टाचा अजून टेकत नाहीत. मागच्या आठवड्यात सर शेजारी येऊन थांबले, टाचांकडे बघितलं, काही बोलले नाहीत, पायानेच एक गुंडाळी टाचांखाली सरकवून पुढे गेले. घरी तेवढंच करायचं तर हाताखाली विटा लागतात मला, पण त्या दोन महिन्यांपासून बाबांच्या खुर्चीखाली आहेत. ते आता त्यावर पाय ठेवून पेपर वाचतात, आणि मागितल्या की म्हणतात, तू दुसऱ्या आण.